वजन घटणे थांबले की रोजच्या कॅलरी किती आणि कशा कमी कराव्यात

काही महिने नेमाने उतरत आलेले वजन एका आकड्याशी अडकले की दोन सल्ले हमखास कानावर येतात. एक जण सांगतो, आणखी ५०० कॅलरी कमी करा. दुसरा सांगतो, तुम्ही फारच कमी खाता म्हणून शरीराने चरबी धरून ठेवली आहे, तेव्हा थोडे जास्त खा. सल्ले एकमेकांच्या उलट असले तरी त्यांच्यातला दोष एकच आहे. सध्या तुम्ही प्रत्यक्षात किती खाता, हे विचारण्याची तसदी दोघांपैकी कोणीच घेतलेली नसते. अडकलेले वजन हलवण्याचे बहुतेक सगळे काम या एका प्रश्नाचे खरे उत्तर काढण्यात आहे. ते उत्तर हाती आले की किती कमी करायचे हा चार ओळींचा हिशेब उरतो.

हे मार्गदर्शन प्रौढ आणि एरवी निरोगी असलेल्या माणसांसाठी आहे. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, १८ वर्षांखालील मुले-मुली आणि खाण्याच्या विकारातून गेलेल्या व्यक्ती यांनी आपल्या मनाने कॅलरी घटवू नयेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण औषधाची मात्रा तीच ठेवून खाणे कमी केले तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

वजन खरोखर थांबले आहे का, ते आधी पाहावे

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काहीही खाण्यापिण्यापूर्वी वजन करावे आणि तुलना फक्त सात दिवसांच्या सरासऱ्यांची करावी. खारट जेवण, बद्धकोष्ठता, नव्याने सुरू केलेला व्यायाम यांपैकी कशानेही काटा एक-दोन किलो इकडेतिकडे होतो. शरीर कर्बोदकांचा जो साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवते, त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते, त्यामुळे एका भरपेट जेवणानंतर वाढलेले वजन बहुतांशी पाण्याचे आणि पोटातल्या अन्नाचे असते. ज्यांना पाळी येते त्यांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करावी. चार आठवड्यांच्या सरासऱ्या एकमेकींच्या अगदी जवळ असतील, तरच वजन थांबले असे मानावे. दोन आठवड्यांवरून निष्कर्ष काढून ताट कमी करणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो, कारण त्यांच्यापैकी अनेकांची चरबी उतरतच असते आणि पाण्यामुळे ती काट्यावर दिसत नसते.

वजन थांबण्यात गूढ काही नाही. शरीर हलके झाले की त्याला चालवायला ऊर्जा कमी लागते. कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च ढोबळमानाने २० ते ३० कॅलरींनी उतरतो, म्हणजे आठ किलो उतरल्यावर सुमारे १६० ते २४० कॅलरींचा फरक पडलेला असतो. शिवाय कमी खाणारा माणूस नकळत कमी हालचाल करतो. तो जास्त वेळ बसून राहतो, जिने टाळतो. दुसऱ्या बाजूने नोंदीतला काटेकोरपणाही महिन्यांगणिक सैल होत जातो. सुरुवातीची तूट, म्हणजे खर्चापेक्षा जितक्या कॅलरी कमी खाल्ल्या जात होत्या तो फरक, या तिन्ही बाजूंनी झिजते आणि एक दिवस शून्यावर येते.

कमी खाल्ल्याने शरीर चरबी सोडायचेच बंद करते, हा समज मात्र सोडून द्यावा. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना २४ आठवडे जवळजवळ अर्ध्या आहारावर ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्यांचा ऊर्जाखर्च खूप खाली आला, त्यांच्या अंगाला सूज आली, मन आणि शरीर दोन्ही खचले. पण अर्धपोटी राहून चरबी वाढली असे कोणाच्याही बाबतीत झाले नाही. चयापचय मंदावतो हे खरे आहे, परंतु त्यावर जास्त खाणे हा वजन घटवण्याचा उपाय होत नाही, आणि ताट एकदम अर्धे करणे हाही नाही.

आपण खातो तो खरा आकडा काढणे

हाच टप्पा मला सर्वांत जास्त काळ अवघड गेला आणि बहुतेकांचा हिशेब इथेच फसतो. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज १२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या लठ्ठ व्यक्तींची त्यात तपासणी केली होती. त्यांच्या चयापचयात दोष आढळला नाही. मात्र त्या आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि आपली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगत होत्या. ही माणसे खोटे बोलत होती असे समजण्याचे कारण नाही. अंदाजाने मोजणाऱ्या कोणाचेही असे होते, आणि आहाराचे नियम तोंडपाठ असणाऱ्यांचेही होते.

म्हणून वजन थांबल्याची खात्री झाल्यावर लगेच काहीही कमी करू नये. पुढचे १४ दिवस नेहमीसारखेच खावे आणि तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट ग्रॅममध्ये मोजून लिहावी. वाटी, चमचा, मूठ ही मापे या १४ दिवसांपुरती विसरावीत, कारण एकाच चमच्यात एकदा दहा ग्रॅम मावते आणि एकदा अठरा. तेल ओतताना चमचा धरत बसण्यापेक्षा बाटली काट्यावर ठेवून स्वयंपाकाआधी आणि नंतर तिचे वजन करावे. फरक म्हणजे वापरलेले तेल. पंधरा मिलीलिटर तेलाचे वजन सुमारे १४ ग्रॅम भरते आणि त्यात साधारण १२० कॅलरी असतात. न मोजलेले असे दोन चमचे संपूर्ण दिवसाची तूट खाऊन टाकतात.

कच्चे आणि शिजलेले यांची गल्लत करू नये. कच्च्या तांदळात १०० ग्रॅमला सुमारे ३६० कॅलरी असतात, तर शिजल्यावर पाणी धरल्यामुळे तेवढ्याच वजनाच्या भातात सुमारे १३०. भाताचे वजन करून कच्च्याचा आकडा लावला किंवा उलट केले, तर नोंद पावणेतीन पटींनी चुकते. सगळ्या घराचा स्वयंपाक एकाच भांड्यात होत असेल तर रिकाम्या भांड्याचे वजन एकदा लिहून ठेवावे, घातलेल्या सगळ्या कच्च्या जिन्नसांच्या कॅलरींची बेरीज करावी आणि पदार्थ शिजल्यावर भांड्यासकट वजन करून भांड्याचे वजन वजा करावे. समजा, जिन्नसांची बेरीज १६०० कॅलरी झाली आणि तयार पदार्थ २००० ग्रॅम भरला, तर ग्रॅमला ०.८ कॅलरी पडली. ताटात ३०० ग्रॅम घेतला तर २४० कॅलरी लिहाव्यात. हे पहिले चार दिवस कंटाळवाणे वाटते, नंतर हात आपोआप चालतो.

चव पाहताना खाल्लेले, मुलांच्या ताटात उरलेले, चहा-कॉफीतले दूध आणि साखर, येताजाता उचललेले दाणे हे सारे लिहावे. बाहेर जेवलात तर तो दिवस कोरा सोडू नये. मनात येणाऱ्या अंदाजांपैकी मोठा अंदाज लिहावा, कारण कोऱ्या जागेची चूक कुठल्याही वाईट अंदाजापेक्षा मोठी असते. सुट्टीचे दिवस वगळून सरासरी काढणे हा तर सरळ आत्मघात आहे. आठवड्याचे पाच दिवस १८०० आणि दोन दिवस २७०० कॅलरी खाणारा माणूस मनोमन स्वतःला १८०० वाला समजतो, पण त्याची सरासरी २०५७ येते आणि शरीर ह्या सरासरीलाच ओळखते.

पुष्कळांच्या बाबतीत या १४ दिवसांत एक चांगली गोष्ट घडते. लिहावे लागते म्हणून हात आवरतो आणि वजन पुन्हा उतरू लागते. तसे झाले तर कॅलरी कमी करण्याची गरजच उरलेली नाही. तीच काटेकोर नोंद चालू ठेवावी आणि पुढचा भाग तूर्त बाजूला ठेवावा.

वजन तरीही स्थिर राहिले, तर १४ दिवसांच्या बेरजेला १४ ने भागून आलेला आकडा हा तुमचा स्थिर वजनाचा आकडा आहे. वय, उंची आणि वजन घालून गणकयंत्राने दिलेल्या आकड्यापेक्षा तो तीनचारशे कॅलरींनी वेगळा निघाला तरी वहीतलाच आकडा धरावा. सूत्र अनेक माणसांच्या सरासरीवरून बसवलेले असते आणि त्याला हालचालीचा जो गुणक लावावा लागतो, तो आपण बहुधा वरचाच निवडतो. वहीतल्या आकड्यात थोडी चूक असेल, पण यापुढेही त्याच काट्याने, त्याच सवयीने मोजणार असल्यामुळे ती चूक दोन्ही बाजूंना सारखीच राहते आणि वजाबाकीत निघून जाते. यासाठी अट एकच: मोजण्याची रीत मध्येच बदलायची नाही.

किती आणि कुठून कमी करावे

स्थिर वजनाच्या आकड्यातून १० टक्के, फार तर १५ टक्के वजा करावे. आकडा २०५० असेल तर नवे लक्ष्य १८५० च्या आसपास येते. एका वेळी ३०० कॅलरींपेक्षा जास्त कपात मी कोणालाही सुचवत नाही. ५०० ची कपात पहिले दहा दिवस सुंदर दिसते, मग भुकेने एक दिवस बांध फुटतो आणि आठवड्याची सरासरी पुन्हा मूळ जागी जाते. त्यातही ज्याचा आहार आधीच कमी आहे, त्याच्यासाठी आणखी ५०० म्हणजे प्रथिने आणि जीवनसत्त्वे पुरेशी मिळणेच अशक्य होणे.

कपात तेल, तूप, लोणी, साखर, गोड पेये, तळलेले पदार्थ आणि सुका मेवा यांतून करावी, कारण थोड्या आकारात पुष्कळ कॅलरी असलेले पदार्थ कमी केल्याने पोट रिकामे राहत नाही. प्रथिनांना हात लावू नये. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर रोज शरीराच्या दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने ठेवावीत आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंवर भार देणारा व्यायाम करावा, म्हणजे उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा कमी राहतो. २०० पैकी ६०-७० कॅलरी चालून भरून काढायच्या असतील तर रोज दोन हजार पावले वाढवावीत. घड्याळाने दाखवलेल्या व्यायामाच्या कॅलरी मात्र जेवणात परत घालू नयेत. ती घड्याळे त्या बाबतीत भरवशाची नाहीत.

मग तीन आठवडे हात न लावता थांबावे

रोजची २०० ची तूट म्हणजे आठवड्याला १४००, आणि एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. म्हणजे आठवड्याला १८० ग्रॅमच्या आसपास चरबी उतरेल. रोजच्या एक-दोन किलोंच्या चढउतारात १८० ग्रॅम पहिल्या आठवड्यात दिसणे शक्यच नाही, आणि दिसले नाहीत म्हणून आठव्या दिवशी आणखी २०० कमी करणे ही या संपूर्ण प्रक्रियेतली सर्वांत महागात पडणारी घाई आहे. तीन आठवड्यांनी सरासरी अर्धा किलोच्या आसपास खाली आली असेल तर काहीही बदलू नये. जराही हलली नसेल तर आधी नोंद तपासावी, आणि ती चोख असेल तरच आणखी १०० कॅलरी कमी कराव्यात.

स्त्रियांनी १२०० आणि पुरुषांनी १५०० कॅलरींच्या खाली वैद्यकीय देखरेखीशिवाय जाऊ नये. झपाट्याने वजन उतरवण्यात पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही असतो. या मर्यादेजवळ आलात, सतत थंडी वाजते, झोप बिघडली, केस गळतात किंवा पाळी चुकू लागली असे असेल तर कपात थांबवून दोन ते चार आठवडे स्थिर वजनाच्या आकड्याइतके खावे आणि त्रास राहिला तर डॉक्टरांकडे जावे. खाणे वाढवल्यावर पहिल्या काही दिवसांत अर्धा ते एक किलो वजन वाढते. ते साठ्यात परतलेले पाणी असते, त्याने घाबरून पुन्हा ताट कमी करू नये. नोंद चोख असूनही वजन महिनोन्‌महिने हलत नसेल तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी आणि घेत असलेली औषधे डॉक्टरांना दाखवावीत. स्टिरॉइड, इन्सुलिन आणि काही मनोविकारांवरील औषधे वजन वाढवतात, पण ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

दर चार-पाच किलो उतरल्यावर १४ दिवसांची काटेकोर नोंद पुन्हा करून स्थिर वजनाचा आकडा नव्याने काढावा, कारण तोपर्यंत जुना आकडा १०० कॅलरींच्या आसपास खाली सरकलेला असतो.