जिओजेब्राच्या प्रशिक्षणाला निघताना

मागच्या पावसाळ्यात तालुक्यातल्या दहावीच्या गणित शिक्षकांना जिओजेब्रा, म्हणजे संगणकावर भूमिती काढायचं सॉफ्टवेअर, शिकवायला गेलो. सगळं नेलं, माऊस नेले नाहीत. म्हणून यादीची पहिली ओळ: माऊस घ्या. वायरवाले, दोघांत एक तरी, वर दोन जादा.

या सॉफ्टवेअरचा जीवच बिंदू ओढण्यात आहे. टचपॅडवर एका बोटाने दाबून धरायचं आणि दुसऱ्याने सरकवायचं, हे खडूला सरावलेल्या हाताला पहिल्या दिवशी जमत नाही. बिंदू निसटतो, भलतीकडेच रेघ उमटते, मग बाई म्हणतात, "सर, तुम्हीच दाखवा ना." मी दाखवत गेलो. दोन तास मी ओढतोय, चौदा जण बघतायत. टाळ्या पडल्या. नंतर वर्गात एकानेही वापरलं नाही.

प्रोजेक्टर, एक्स्टेंशन बोर्ड, एचडीएमआय-व्हीजीए कनेक्टर हे तुम्हाला ठाऊकच आहे. इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घ्या, शाळेच्या वायफायच्या भरवशावर जाऊ नका. जिओजेब्राची क्लासिक 5 ही आवृत्ती एकदा बसवली की नेट लागत नाही. मेनू मराठी करून, अक्षरं मोठी करून ठेवा. परीक्षेची पॅडं मागवून घ्या, कारण टेबलावर काच असली की माऊस अडतो. (माऊस घेतलेत ना?)

पाठ एकच निवडा. मी दहावीच्या गणित भाग 2 मधलं 'वर्तुळ' घेतो, अंतर्लिखित कोनाचं प्रमेय: वर्तुळावरचा कोन त्याने अडवलेल्या कंसाच्या निम्मा. 2001 साली ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टरने जिओजेब्रा बनवायला घेतलं, हा इतिहास चहाच्या वेळी सांगा. थेट वर्तुळ काढा, त्यावर A, B, C घ्या, कोन ACB मोजा, समजा 50 अंश आला. बिंदू वर्तुळाच्या रेषेवरच क्लिक करून घ्यायचे. नुसते जवळ टेकवलेले ओढताना सुटून येतात. बिंदू क्लिक करण्याचा क्रमही बघा. कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजला जातो, क्रम चुकला की 50 चा 310.

आता C ओढा. 50 चा 50 च राहतो, सगळे खूश. पण C दुसऱ्या कंसावर गेला की आकडा 230 होतो आणि खोली गोंधळते. मीही गोंधळलो होतो. कोनाच्या गुणधर्मांत मर्यादा 0 ते 180 करा, मग 130 दिसतो. 50 आणि 130 मिळून 180, म्हणजे चक्रीय चौकोनाचे संमुख कोन आपोआप दारात आले. हे घरी दोनदा करून बघा. आणि तिथे ते शिक्षकांनी करायचं, तुम्ही नाही. तुमचे हात खिशात, माऊस त्यांच्या हातात. कोणी अडलं तर तोंडाने सांगा, माऊसला हात लावू नका.

वीज जाईल, लॅपटॉप भरलेले ठेवा. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 179.99 दिसली तर तो दशांशाच्या पूर्णांकनाचा खेळ, प्रमेय चुकलेलं नाही.

बाकी नेहमीचं: फाइल सगळ्यांना द्या, हजेरी, फोटो. आठवड्याने फोन करून कोणी वापरलं ते विचारा. निघताना माऊस मोजून घ्या.