घर विकताना जुन्या हीटिंगचं काय करायचं?

थंड प्रदेशातलं घर विकायला काढलं की तळघरातला जुना बॉयलर (घर तापवायचं पाणी गरम करणारं यंत्र) डोळ्यासमोर येतो आणि पहिला विचार येतो, 'नवा बसवूनच टाकू.' जरा थांबा. विकायच्या घाईत बसवलेला बॉयलर बहुधा स्वस्तातला असतो. शिवाय घेणाऱ्याच्या मनात कदाचित हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र) असेल, म्हणजे तुमचा नवाकोरा बॉयलर तो काढूनच टाकणार. तेव्हा आधी आपल्याकडे नेमकं काय आहे ते बघू.

वय शोधा

बॉयलरच्या बाजूला किंवा झाकणाच्या आत धातूची पट्टी असते. धूळ पुसा आणि फोटो काढा. वर्ष छापलेलं नसेल तर अनुक्रमांकावरून बनवणारी कंपनी बहुधा सांगू शकते. गॅस बॉयलर साधारण १५ वर्षं चालतो, नीट निगा राखली तर त्याहून जास्त. बिडाचे रेडिएटर (गरम पाणी खेळवून खोली तापवणारे) मात्र कित्येक दशकं टिकतात, त्यांना उगाच भंगारात काढू नका. म्हणून बॉयलर, पाइप, रेडिएटर, थर्मोस्टॅट (तापमान राखणारं उपकरण) आणि तेलाची टाकी यांची नोंद वेगवेगळी करा.

स्वतः हात लावून बघा

उन्हाळा असला तरी हीटिंग तासभर चालू करा आणि एकेका रेडिएटरवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवा. वरचा भाग गार लागला तर आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करून निवू द्या. मग रेडिएटरच्या वरच्या टोकाला असलेला छोटा चौकोनी स्क्रू त्याच्या किल्लीने पाव फेरा सैल करा, खाली फडकं धरा. आधी फुस्स आवाज येतो, मग पाणी ठिबकतं. तेवढ्यात बंद करा. नंतर बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा बघा. घरगुती बंद यंत्रणेत गार असताना तो सहसा १ ते १.५ बारच्या (बार म्हणजे दाबाचं एकक) दरम्यान असावा. पाणी भरूनही चार दिवसांत पुन्हा उतरला, तर बहुधा कुठेतरी गळती आहे.

खालचा मधला भाग गार असेल तर आत गाळ आहे. आतून गंजलेल्या लोखंडाचा हा काळा चिखल. मेकॅनिककडून यंत्रणा धुऊन घेतली की खोल्या पुन्हा नीट तापतात. हा खर्च बॉयलरच्या मानाने थोडा असतो, आणि माझ्या मते विकण्याआधी करण्यासारखं हे सर्वांत फायद्याचं काम.

गॅसची ज्योत निळी हवी. ती पिवळी, लवलवती दिसली किंवा आजूबाजूला काजळी दिसली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होत असण्याची शक्यता आहे. या विषारी वायूला ना रंग ना वास. बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, मेकॅनिकला बोलवा. बॉयलर दुरुस्त होईपर्यंत घर दाखवायलासुद्धा कोणाला बोलावू नका. (तेलावरच्या बर्नरची ज्योत मुळातच पिवळसर असते, तिथे ही खूण चालत नाही.)

दोन छुप्या गोष्टी

पहिली, अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे पूर्वी उष्णता अडवायला वापरलं जाणारं खनिज, ज्याचे तंतू श्वासात गेले तर घातक ठरतात. १९८० च्या आधीच्या घरांत पाइपांवर प्लास्टरसारखं करडं-पांढरं वेष्टण दिसलं तर ते खरवडू नका, तुकडा तोडून बघू नका. नमुना प्रशिक्षित माणसालाच घेऊ द्या. वेष्टण अखंड असेल तर बरेचदा ते तसंच ठेवून घेणाऱ्याला सांगितलेलं चालतं.

दुसरी, जमिनीत पुरलेली तेलाची टाकी. घर कधीच गॅसवर गेलेलं असतं आणि टाकीचा सगळ्यांना विसर पडलेला असतो. अंगणात भिंतीलगत, झुडपाआड एखादा वाकवलेल्या तोंडाचा लोखंडी पाइप उगाचच वर आलेला दिसतोय का बघा. तो टाकीचा श्वासमार्ग असू शकतो. पोलादी टाकी गंजते, तेल मातीत मुरतं, आणि माती साफ करण्याचा खर्च नव्या बॉयलरच्या कितीतरी पट होऊ शकतो. ठरत आलेले व्यवहार अशा टाकीपायी फिसकटू शकतात. म्हणून तपासणी आधी करून घ्या.

लेखी अहवाल आणि लेखी दर

परवानाधारक मेकॅनिककडून धूर-वायूची मोजणी, चिमणीचा ओढा (धूर नीट वर ओढला जातो का) आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) तपासून घ्या. अहवालावर तारीख हवी, आणि राहिलेले दोषही त्यात लिहायला सांगा. मग नव्या यंत्रणेचे एक-दोन लेखी दर मागवून त्याच फायलीत लावा. आकडा समोर नसला की घेणारा मनातल्या भीतीएवढी रक्कम कापायला बघतो. आकडा असला की घासाघीस त्याच्याच आसपास होते.

बदलायचा कधी? हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाला) तडा गेला असेल, सुटे भाग मिळत नसतील किंवा कायदाच सांगत असेल तर. कायदा देशागणिक वेगळा. जर्मनीच्या २०२० च्या इमारत-ऊर्जा कायद्यात ३० वर्षांवरचे बरेच जुने बॉयलर बंद करण्याची तरतूद केली गेली. २००२ च्या फेब्रुवारीआधीपासून स्वतःच्या छोट्या घरात राहणाऱ्या मालकाला त्यातून सूट होती, पण घर विकलं की नव्या मालकाला बॉयलर बंद करायला दोन वर्षांची मुदत होती. असा नियम असला तर तुम्हाला कधी न आलेली नोटीस त्याच्या गळ्यात पडू शकते. तुमच्याकडे काय नियम आहे ते जाहिरात देण्याआधी विचारून घ्या.

करारात काय लिहायचं

'उत्तम स्थितीत' असं कधीही लिहू नका. उद्या तोच शब्द तुमच्यावर उलटेल. 'अमुक सालचा, चालू स्थितीत, अमुक तारखेला तपासलेला, माहीत असलेले दोष असे' एवढं लिहा आणि अहवाल जोडा. टाकीत तेल शिल्लक असेल तर ताबा देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून मोजा आणि हिशोब करा.

घर हिवाळ्यात रिकामं राहणार असेल तर हीटिंग मंद चालू ठेवा किंवा पाइपांतलं पाणी काढून टाका, नाहीतर गोठून पाइप फुटतील. आणि निघताना रेडिएटरची ती छोटी किल्ली माहितीपुस्तिकेसोबत दोऱ्याने बॉयलरला बांधून ठेवा. नवा मालक पहिल्याच थंडीत ती शोधणार आहे.