पासपोर्ट फोटोपासून भिंतीवरच्या तसबिरीपर्यंत : स्टुडिओ वाढवताना साधने आणि चौकट यांचा विचार

तालुक्याच्या गावातील फोटो स्टुडिओचा गल्ला बहुधा पासपोर्ट फोटो आणि लग्नसराई या दोन गोष्टींवर चालतो. त्याच स्टुडिओला व्यक्तिचित्रांचे, म्हणजे पोर्ट्रेटचे, काम वाढवायचे असेल तर सर्वांत आधी नवा कॅमेरा घेण्याचा मोह आवरावा. माझ्या मते खरेदीचा योग्य क्रम असा आहे : प्रथम खोलीचे माप, मग प्रकाश, मग लेन्स आणि सर्वांत शेवटी कॅमेरा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून १२ बाय १८ इंचांचा प्रिंट ३०० डीपीआयपेक्षा (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांपेक्षा) अधिक तपशिलाने निघतो आणि गावातील बहुतेक घरांच्या भिंतींना याहून मोठी फ्रेम क्वचितच लागते. त्यामुळे असा कॅमेरा हाताशी असेल तर त्यासाठी पुन्हा कर्ज काढण्याचे कारण नाही.

खोली मोजताना लांबीकडे विशेष लक्ष द्यावे. फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स लावून उभ्या माणसाचे नखशिखांत छायाचित्र घ्यायचे असेल तर कॅमेरा आणि माणूस यांत सुमारे साडेपंधरा फूट अंतर लागते. माणसामागे पडद्यापर्यंत पाच फूट आणि छायाचित्रकाराला उभे राहण्यास तीन फूट धरले तर खोली साधारण २४ फूट लांब हवी. बाजारपेठेतील गाळा बहुधा एवढा लांब नसतो. पंधरा फुटांच्या गाळ्यात क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स वापरून, पडद्यापासूनचे अंतर थोडे कमी करून पूर्णाकृती जेमतेम बसते, तर चेहरा आणि खांदे यांच्यासाठी त्याच कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स उत्तम काम देते. मात्र चेहरा मोठा दिसावा म्हणून पाच फुटांच्या आत शिरू नये, कारण जवळून घेतलेल्या छायाचित्रात नाक फुगलेले आणि कान मागे गेलेले दिसतात. हा दोष लेन्सचा नसून अंतराचा असतो, ही गोष्ट शिकाऊ मुलांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगावी.

प्रकाशासाठी ३०० ते ४०० वॅट-सेकंदांचे दोन स्टुडिओ फ्लॅश, एक १२० सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी), एक लांबट सॉफ्टबॉक्स, जड बुडाचे स्टँड आणि उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या सनबोर्डाचे (हलक्या फोमच्या फलकाचे) दोन मोठे तुकडे एवढ्यावर बराच पल्ला गाठता येतो. दुसरा फ्लॅश घेण्यापूर्वी एका फ्लॅशवर आणि एका सनबोर्डावर महिनाभर काम करावे, असा माझा आग्रह आहे. मुख्य प्रकाश बसलेल्या व्यक्तीच्या डोळ्यांपेक्षा थोडा वर, बाजूला आणि सुमारे तीन फुटांवर ठेवला की त्वचा मऊ दिसते आणि दोन्ही डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका येतो. कुटुंबाच्या छायाचित्राला मात्र हे अंतर चालत नाही. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मंदावतो, म्हणून तीन फुटांवर बसलेल्या आजोबांपेक्षा सहा फुटांवर उभ्या असलेल्या नातवाला केवळ एक चतुर्थांश उजेड मिळतो. हाच फ्लॅश आणखी सहा फूट मागे नेला की दोघांवरील उजेडातील फरक एका स्टॉपच्याही (म्हणजे दुपटीच्याही) आत येतो. त्याचबरोबर लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ वर आणावे, जेणेकरून मागच्या रांगेतील चेहरेही स्पष्ट राहतील. शटर १/१२५ सेकंदावर ठेवावे आणि दुकानातील ट्यूबलाइट बंद कराव्यात, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूला हिरवट छटा येणार नाही.

वीज खालीवर होणाऱ्या गावात फ्लॅशना स्टॅबिलायझर आणि व्यवस्थित अर्थिंग हवेच. कोकणात किंवा घाटमाथ्यावर स्टुडिओ असेल तर लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवून आतील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी, कारण पावसाळ्यात काचेवर धरलेली बुरशी वेळीच साफ झाली नाही तर काचेवरील लेप कायमचा खराब करते.

आता चौकटीचा विचार. चौकट दोनदा ठरते, एकदा कॅमेऱ्यात आणि एकदा भिंतीवर. पहिली ठरवताना दुसरी डोळ्यांसमोर नसेल तर घोटाळा होतो. कॅमेऱ्याचे प्रमाण तीनास दोन असते, त्यामुळे ८ बाय १२ किंवा १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटमध्ये पूर्ण छायाचित्र येते. पण १२ बाय १५ किंवा ८ बाय १० ची फ्रेम निवडली तर लांब बाजूचा सहावा भाग कापावा लागतो. नवरदेवाच्या फेट्याचा तुरा किंवा खाली सोडलेला पैठणीचा पदर नेमका त्या कापात जातो. म्हणून गिऱ्हाईक खुर्चीत बसण्यापूर्वीच फ्रेम कोणत्या मापाची हवी ते विचारावे आणि शंका असेल तर चारही बाजूंनी मोकळी जागा सोडावी. मनगट, कोपर किंवा गुडघा यांवर चौकटीची कड येऊ देऊ नये. मांडीच्या मध्यावर किंवा दंडावर कापलेले छायाचित्र डोळ्यांना खटकत नाही.

नऊवारी नेसलेल्या आणि नथ घातलेल्या आजींचे चित्र हे या कामाचे चांगले उदाहरण आहे. नथ डाव्या नाकपुडीत असते, म्हणून आजींना मान किंचित स्वतःच्या उजवीकडे वळवायला सांगावे. उलट वळवल्यास नथ नाकाआड दडते. मुख्य प्रकाश त्या जिकडे वळल्या आहेत त्या बाजूला ठेवावा आणि त्यांच्या डाव्या गालाजवळ सनबोर्ड धरावा, म्हणजे नथीचे मोती उजळतात आणि सुरकुत्यांचा पोत शिल्लक राहतो. चष्म्याच्या काचेत सॉफ्टबॉक्स दिसत असेल तर तो आणखी वर न्यावा किंवा चष्म्याच्या काड्या कानावरून जराशा उचलाव्यात, ज्यामुळे काचा खाली झुकतात. नऊवारीचे जरीचे काठ पांढरेफटक पडत असतील तर फ्लॅशची शक्ती थोडी कमी करावी. सुरकुत्या संगणकावर पुसून टाकू नयेत. घरच्यांना त्यांचीच आजी हवी असते.

अशा चित्रांची गरज किती आहे हे घरोघरी दिसते. दिवंगत माणसाची तसबीर अनेकदा ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या फोटोवरून मोठी केलेली, पुसट आणि निळसर पार्श्वभूमीची असते. साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन, डोहाळजेवण, बारसे अशा निमित्तांना घरातील ज्येष्ठांचे स्वतंत्र व्यक्तिचित्र आवर्जून सुचवावे आणि प्रिंट व फ्रेम यांसह एकच दर सांगावा. दोन-तीन मापांच्या तयार फ्रेम स्टुडिओच्या भिंतीवर, प्रत्यक्ष गावातील माणसांच्या चित्रांसह आणि अर्थातच त्यांच्या परवानगीने लावाव्यात; मोबाइलवर दाखवलेल्या नमुन्यांवरून गिऱ्हाइकाला मापाचा अंदाज येत नाही.

फ्रेमवाल्याकडे काम देताना फोटो काचेला चिकटू देऊ नये, हे बजावून सांगावे. दमट हवेत फोटोचा थर काचेला धरतो आणि नंतर सोडवताना चेहराच निघून येतो. आम्लविरहित माउंट बोर्डाची दोन-अडीच इंचांची पट्टी भोवताली लावली की काच आणि फोटो यांत आवश्यक तेवढी फट राहते. खालची पट्टी वरच्यापेक्षा अर्धा इंच रुंद ठेवली तर चित्र खाली घसरल्यासारखे वाटत नाही. मागील बाजू टेपने बंद करून खालच्या दोन कोपऱ्यांवर रबराच्या टिकल्या लावाव्यात, म्हणजे ओल आलेल्या भिंतीला फ्रेम टेकत नाही. फ्रेम दरवाजाच्या वर टांगायची असेल तर वरची दोरी थोडी लांब ठेवून ती पुढे झुकवावी, अन्यथा खिडकीचा उजेड काचेत पडून खालून पाहणाऱ्याला चेहरा नीट दिसत नाही.