केळ्याचं व्हिनेगर: गाळ न हलवता दुसऱ्या बरणीत कसं काढावं

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण कापणीनंतर बागेत मागे राहिलेल्या काळ्या फण्यांना गुरांशिवाय कोणी विचारत नाही. मी त्यांचंच व्हिनेगर करतो.

१ किलो गर, उकळून गार केलेलं २ लिटर पाणी, १५० ग्रॅम साखर, अर्धा चमचा कोरडं यीस्ट. फडकं बांधून आठ-दहा दिवस. मे महिन्यात नको. पारा ४५ला गेला की यीस्ट तग धरत नाही. बुडबुडे थांबले की गाळा. फडकं पिळू नका, सगळं गढूळ होतं. मग दोन-तीन दिवस बरणीला हात लावायचा नाही. तळाशी दोन बोटं गाळ बसतो. त्यात मेलेलं यीस्ट असतं, राहू दिलं तर कुजकट वास मारतं.

आता खरी पायरी. ‘हळूच ओता’ म्हणणाऱ्यांनी हे कधी केलेलंच नसतं. बरणी तिरकी झाली की गाळ उसळतोच. नळीच हवी. आणि बरणी निवळायला ठेवतानाच ओट्यावर ठेवा. मी ती जमिनीवर ठेवली होती. सकाळी उचलली आणि तीन दिवसांचा गाळ चार पावलांत वर आला. आई एवढंच म्हणाली, “घाई कशाले करस?”

करंगळीएवढी जाड पारदर्शक नळी धुतलेल्या काठीला बांधा, तोंड काठीच्या टोकापासून चार बोटं वर. काठी तळाला टेकते, नळी गाळाला शिवत नाही. तोंडाने ओढू नका! मी ओढलं, घोटभर यीस्ट पोटात गेलं. पुढचा दिवस कसा गेला ते विचारू नका. शिवाय उष्टं टोक खालच्या बरणीत जातं ते वेगळंच. नळी उकळून गार केलेल्या पाण्याने भरा, दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा, काठीचं टोक वरच्या बरणीत बुडवून सोडा, दुसरं जमिनीवरच्या पेल्यावर. पाणी गेलं की बरणीत. नळीत तपकिरी दोरा दिसला की चिमटा. उरलेलं झाडाला, लोभ नको.

बिअर करणारे इथे हवा लागू नये म्हणून जपतात. आपलं उलटं, आंबवणाऱ्या जिवाणूंना हवा हवीच, त्यामुळे धार उंचावरून पडली तरी चालेल. बरणी काचेची किंवा चिनी मातीची. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको.

पाव हिस्सा न उकळलेलं जुनं व्हिनेगर घाला, फडकं बांधा, अंधारात पाच-सहा आठवडे. चिलटं शिरली तर फडकं दुहेरी करा.

बाजारच्या व्हिनेगरला किमान ३.७५ टक्के आम्ल लागतं. घरचं मोजलेलं नसतं, म्हणून मी ते कोशिंबिरीत घालतो, वर्षाच्या लोणच्यात नाही.