टेलव्हील विमान मऊ उतरवायचं तर आधी पाय जागे करा

टेलव्हील विमान म्हणजे दोन मोठी चाकं पुढे आणि एक बारकंसं चाक शेपटीखाली. पायपर कब, सायटाब्रिया, सेसना १७०, पिट्स ही सगळी त्यातली. नोजव्हीलवर (तिसरं चाक नाकाखाली असलेल्या विमानावर) शिकून आलेला माणूस यात पहिल्यांदा बसला की त्याला एकच काळजी असते, टेकताना दणका बसायला नको. मलाही तीच होती आणि म्हणून सुरुवातीचे कितीतरी तास मी भलत्याच गोष्टीवर मेहनत घेत होतो. मऊ टेकणं नंतरचं, आधी सरळ टेकणं. विमान रनवेच्या रेषेत असेल, बाजूला सरकत नसेल आणि स्पीड बरोबर असेल तर ते बहुतेक वेळा आपणहून हलकं बसतं, आणि यातलं एक जरी चुकलं तर कितीही अलगद टेकलं तरी पुढच्या पाच सेकंदांत गडबड होते.

हे असं का होतं ते आधी डोक्यात बसवा, नाहीतर पुढचं सगळं नुसतं पाठांतर होईल. नोजव्हील विमानात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे जरा तिरकं टेकलं तरी चाकांचं घर्षण विमानाला परत सरळ करतं. टेलव्हीलमध्ये तो मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. म्हणजे नाक थोडं डावीकडे वळलं पण विमान अजून सरळच धावतंय, की चाकांवर येणारा आडवा जोर नाकाला आणखी डावीकडे ढकलतो, नाक जितकं वळतं तितका तो जोर वाढतो, मागचं वजन पुढे यायला बघतं आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. बाहेरच्या बाजूच्या पंखाचं टोक जमिनीला घासतं, कधी लँडिंग गिअरच मोडतो. तळहातावर काठी उभी तोलून बघा, मी खरंच सांगतोय, पाच मिनिटं करून बघा. काठी कलायला लागतेय असं जाणवताक्षणी हात हलला तर ती उभी राहते, चांगली कलल्यावर हलला तर हात नुसता तिच्या मागे पळत राहतो. रडरचं, म्हणजे पायाने हलवून नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या उभ्या पडद्याचं, अगदी असंच आहे.

त्यामुळे सुरुवात पायांपासून. टाचा खाली टेकलेल्या, चवडे पेडलच्या खालच्या भागावर, ब्रेकपासून लांब (कबमध्ये मात्र ब्रेक टाचेने मारायचे असतात, तिथे टाचा सांभाळा). रडर दाबून धरायचा नसतो, दाबायचा आणि लगेच सोडायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा सोडायचा. नाक डावीकडे जायला लागलं, उजवा पाय टुक, नाक थांबलं, पाय परत मध्ये. नवीन माणूस काय करतो की उजवा दाबतो आणि नाक पूर्ण सरळ येईपर्यंत तसाच धरून ठेवतो, मग नाक सरळ होऊन पलीकडे जातं, मग डावा जोरात, मग परत उजवा त्याहून जोरात, आणि दर फेरीला झोका वाढतच जातो. नाक सरळ येण्याची वाट बघू नका, फक्त त्याचं वळणं थांबवा.

आता एक फुकटचा अभ्यास, इंजिन चालू न करता. विमान उभं असताना आत बसा, सीटची उंची रोज सारखीच ठेवा, उशी लागत असेल तर रोज तीच उशी, आणि दहा मिनिटं नुसतं बाहेर बघा. तीन चाकांवर उभं असलेलं विमान म्हणजेच थ्री-पॉइंट लँडिंगला (तिन्ही चाकं एकदम टेकवतात ते) टेकतानाची स्थिती. नाकाच्या कडेला क्षितिज कुठे कापलं जातंय, डावीकडे आणि उजवीकडे जमिनीचा किती तुकडा दिसतोय, तो तुकडा दोन्हीकडे सारखा आहे का, हे चित्र डोळ्यांत भरून घ्या. हवेतून खाली येताना तुम्हाला हेच चित्र परत आणायचंय. समोरचं नाक रनवे झाकणार आहे, पिट्ससारख्या विमानात तर समोरचं जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून कडेच्या त्या दोन तुकड्यांवरूनच आपण सरळ आहोत की नाही ते कळतं.

टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) नाकापुढचं दिसावं म्हणून नागमोडी जायचं हे सगळे सांगतात, त्यात वारा कुठून येतोय ते बघून स्टिक (नाक वर-खाली करणारी आणि पंख कलवणारी हातातली दांडी) धरायची सवय पण लावा. वारा समोरून असेल तर स्टिक मागे आणि वाऱ्याच्या बाजूला, मागून असेल तर स्टिक पुढे आणि वाऱ्याच्या उलट बाजूला. कंटाळा करू नका, जमिनीवर जो हात झोपतो तो रनवेवर पण झोपतो.

हवेत गेल्यावर पहिल्या एकदोन तासांत लँडिंगची घाई नको. इन्स्ट्रक्टरबरोबर वर जाऊन थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमीजास्त करायचा दांडा) बंद करून स्टॉल करा, म्हणजे वेग इतका कमी करा की पंखांची उचल मोडते, विमान स्टॉलच्या अगदी जवळ कसं वाटतं, स्टिक किती ढिली लागते, वाऱ्याचा आवाज कसा कमी होत जातो ते अनुभवा, कारण थ्री-पॉइंट लँडिंग म्हणजे जमिनीपासून काही इंचांवर जवळजवळ स्टॉलच असतो. मग नाक एका ठिकाणी रोखून ठेवून पंख डावीकडे उजवीकडे कलवत राहायचं, नाक अजिबात हलू द्यायचं नाही. हे जमायला लागलं की हात आणि पाय आपापलं काम वेगळं करायला शिकतात, क्रॉसविंडला (आडव्या वाऱ्यात) तेच लागतं.

आता अप्रोचला, म्हणजे उतरायला रनवेकडे येताना, स्पीड. यावर मी कितीही बोललो तरी कमीच. फायनलवर (रनवेच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर) साधारण स्टॉल स्पीडच्या १.३ पट, आणि आकडा तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमधलाच वापरायचा. कब ताशी ३८ मैलांच्या आसपास स्टॉल होतं, म्हणजे १.३ पट केलं तर ५० च्या जवळ येतं. भीतीपोटी सगळे थोडा जास्त ठेवतात. स्पीड १० टक्के वाढला तर ऊर्जा २१ टक्के वाढते, ती कुठेतरी जिरवावी लागते, विमान रनवेवर तरंगत राहतं, तुम्ही कंटाळून ते जबरदस्तीने टेकवता आणि तिथेच उडी बसते. स्पीड जास्त झाला आणि रनवे संपत चालला तर फुल थ्रॉटल देऊन वर जा आणि परत या, यात काहीही कमीपणा नाही.

आता थ्री-पॉइंट. जमिनीजवळ आल्यावर उतरण मोडायची, म्हणजे विमान जमिनीला समांतर आणायचं, आणि नजर रनवेच्या पार टोकाला न्यायची. ही नजर फार महत्त्वाची आहे. जवळ बघितलं तर जमीन धावताना दिसते, उंचीचा अंदाज चुकतो आणि विमान आधीच ओढलं जातं. लांब बघितलं की डोळ्यांच्या कडांना दोन्ही बाजूंची जमीन वर येताना आपोआप जाणवते. थ्रॉटल बंद, आणि आता मनात एकच ठरवा की मी याला उतरू देणार नाही. ते बसायला लागलं की स्टिक थोडी मागे, परत बसायला लागलं की अजून थोडी मागे, ओढायचं नाही, फक्त बसणं थांबवत राहायचं. असं करत करत स्टिक पोटापर्यंत येते, समोर ते उभ्या विमानात बसून बघितलेलं चित्र येतं आणि तिन्ही चाकं एकदम टेकतात. टेकल्यावर स्टिक पोटाशीच धरून ठेवा, सोडू नका, त्यानेच शेपूट खाली दाबून राहते आणि मागचं चाक विमानाला वळवायला मदत करतं.

तिन्ही चाकं एकदम टेकली नाहीत तर? मागचं चाक जरा आधी टेकलं तर फार बिघडत नाही, पुढची चाकं बसतात, तिथेच संपतं, उंचावरून मात्र नको, सगळा भार शेपटीवर येतो. पुढची आधी टेकली तर मात्र वजन मागे असल्यामुळे शेपूट खाली पडते, पंखांचा अँगल ऑफ अटॅक (समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन) वाढतो, लिफ्ट (उचल) वाढते आणि विमान परत उडतं. याला लोक उडी म्हणतात, चाकांच्या स्प्रिंगला दोष देतात, पण बरंचसं काम पंखच करत असतात. अशा वेळी हाताला पहिलं सुचतं ते स्टिक पुढे ढकलणं आणि तेच करायचं नाही. ढकललं की पुढची चाकं अजून जोरात आपटतात, दुसरी उडी पहिलीपेक्षा मोठी, तिसरीत प्रोपेलर जमिनीला लागू शकतो. उडी छोटी असेल तर थ्री-पॉइंटचं चित्र तसंच धरा, हवं तर चिमूटभर थ्रॉटल द्या आणि परत बसवा. मोठी असेल, किंवा नाक तिरकं झालं असेल, किंवा तुम्हाला नक्की काय चाललंय ते कळत नसेल, तर फुल थ्रॉटल आणि गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. आणि फुल थ्रॉटल देताना उजवा पाय तयार हवा, कारण नाक वर असलेलं हे विमान पॉवर मिळताच डावीकडे ओढतं (प्रोपेलर कॉकपिटमधून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर, उलटा फिरणारा असेल तर पायही उलटा).

व्हील लँडिंग म्हणजे शेपूट वर ठेवून फक्त पुढच्या दोन चाकांवर टेकणं. डीसी-३ सारखी मोठी विमानं बहुतेक असंच उतरवतात. समोरचं छान दिसतं आणि रडरवर हवा जास्त असते, म्हणून झोताच्या वाऱ्यात बऱ्याच जणांना हे आवडतं. थ्री-पॉइंट मोठं की हे मोठं यावर लोक तासन्‌तास भांडतात, मला विचाराल तर दोन्ही यायलाच हवेत, पण आधी थ्री-पॉइंट शिका कारण त्यात टेकताना स्पीड कमी असतो. व्हील लँडिंगला थोडी पॉवर ठेवायची, विमान जमिनीच्या अगदी लगत समांतर उडवायचं आणि ते इतकं हळू बसू द्यायचं की कधी टेकलं ते चाकं फिरल्याच्या आवाजावरून कळावं. टेकलं त्याच क्षणी स्टिक जराशी पुढे. जराशी, म्हणजे खरं तर मागे धरलेला ताण सोडला इतकंच, अँगल ऑफ अटॅक कमी झाला की विमान जमिनीला चिकटतं. टेकायच्या आधी पुढे केलीत तर आपटणार, उशिरा केलीत तर उडी. मग पॉवर बंद, स्पीड कमी होईल तशी स्टिक हळूहळू अजून पुढे, म्हणजे शेपूट वर राहील, आणि एलेव्हेटरवर (शेपटीच्या आडव्या, नाक वर-खाली करणाऱ्या पडद्यावर) पुरेशी हवा वाहतेय तोवरच शेपूट आपण होऊन खाली ठेवायची. टेकली की स्टिक पूर्ण मागे.

क्रॉसविंडला नियम तोच, सरकायचं नाही आणि नाक रेषेत. वारा डावीकडून असेल तर डावा पंख खाली, म्हणजे विमान वाऱ्यात ढळत नाही, आणि उजव्या रडरने नाक रनवेच्या रेषेत. थ्री-पॉइंटला डावं चाक आणि मागचं चाक एकदम टेकेल, उजवं नंतर. एका चाकावर टेकणं बघायला विचित्र वाटतं पण तेच बरोबर आहे. टेकल्यावर लोक एलेरॉन (पंखांच्या टोकांकडचे, विमान कलवणारे पडदे) सोडून देतात, ही फार मोठी चूक. स्पीड कमी होतो तसा एलेरॉनचा असर कमी होतो, म्हणून स्टिक वाऱ्याकडे वाढवत न्यायची, शेवटी पार टोकापर्यंत. यात एक फायदा पण आहे, उजवीकडचा खाली झुकलेला एलेरॉन जास्त ड्रॅग (हवेचा अडथळा) देतो, तो नाक उजवीकडे ओढतो आणि वाऱ्याकडे वळायला बघणाऱ्या विमानाला थोडं आवरतो. आणि शेपूट खाली येताना रडर फार दाबलेला असेल तर मागचं चाकही वळलेलंच टेकतं आणि झटका बसतो, तेवढ्या क्षणापुरता पाय मध्याकडे आणा. रडर पूर्ण दाबूनही फायनलवर नाक रेषेत राहत नसेल तर ते लँडिंग करायचंच नाही, दुसरा रनवे बघा.

शेवटचा भाग धावण्याचा, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. मी स्वतः एकदा छान टेकलो, इतका छान की मनात खूश झालो, पाय सैल पडले, आणि विमान माणसाच्या धावण्याच्या वेगाला आल्यावर वाऱ्याकडे वळायला लागलं. तोपर्यंत रडरला पुरेशी हवा नव्हती. मी उजवा पाय पूर्ण दाबला, उशीर झाला होता, विमान गवतावर काटकोनात फिरून थांबलं. गवत होतं म्हणून चाकं घसरली आणि काही मोडलं नाही, डांबरावर चाकं घट्ट पकडतात, तिथे पंख नक्की लागला असता. त्या दिवशी मी तो भाग परत परत केला, फक्त टेकल्यापासून थांबेपर्यंतचा. असं वळायला लागलंच तर पूर्ण रडर, ते पुरत नसेल तर त्याच बाजूच्या ब्रेकचा छोटा टोला, आणि पुढे रनवे असेल तर पॉवरचा एक झोत, प्रोपेलरची हवा रडरवर आली की त्याला परत जोर येतो. ब्रेक दोन्ही एकदम जोरात कधीच नाही, विमान नाकावर उभं राहतं.

सराव गवतावर मिळाला तर सुरुवातीला गवतावरच करा, आणि प्रत्येक सर्किटला (उडून परत उतरण्याच्या फेरीला) थांबून परत टॅक्सी करून या, टेकून लगेच उडून जाल तर हा शेवटचा भाग शिकायचा राहून जाईल. टेकल्यावर फ्लॅप (उतरताना खाली सोडलेले पंखांचे मागचे भाग), ट्रिम, रेडिओ कशालाही हात लावू नका, एक हात थ्रॉटलवर, दुसरा स्टिकवर, पाय हलते, आणि रनवेबाहेर पडून विमान पूर्ण थांबलं की मग फ्लॅप वर करा.