१०/२२ साठी स्वस्तातली मॅगझिन घेताय? मग या चुका टाळा

दर उन्हाळ्यात तेच. इथे अमेरिकेत आपल्यातलाच कोणीतरी नवा ग्रीनकार्डवाला रुगर कंपनीची १०/२२, म्हणजे .२२ इंची गोळीची रायफल घेतो, आणि चांगलंच करतो, शिकायला याच्यासारखी रायफल नाही, खांद्याला धक्का नाही, गोळ्या स्वस्त, १९६४ पासून बाजारात आहे त्यामुळे सुटे भाग कुठेही मिळतात. आणि मग थोड्याच दिवसांत मेसेज येतो, "रायफल सारखी अडकते हो, परत करू का?" मी एकच विचारतो, मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचा तो सुटा होणारा कप्पा, कुठलं? उत्तर ठरलेलं असतं. सेलमध्ये मिळालं, २५ गोळ्यांचं, तीनचा पॅक.

आधी थोडी पार्श्वभूमी. या रायफलबरोबर कंपनीचं जे १० गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन येतं, बीएक्स-१, ते कमालीचं भरवशाचं आहे. आतमध्ये एक रोटर असतो, प्रत्येक काडतूस त्याच्या वेगळ्या खाचेत बसतं, आणि तोंडाशी स्टीलचा भाग असतो. पण कंपनीने स्वतःचं २५ चं मॅगझिन, बीएक्स-२५, २०११ मध्ये आणलं. तोवर ज्याला १० पेक्षा जास्त हवं त्याला बाहेरच्या ब्रँडकडे जाण्यावाचून इलाज नव्हता, मधे १९९४ ते २००४ तर फेडरल कायद्याने १० च्या वरची नवीन मॅगझिन सामान्य माणसाला विकायलाच बंदी होती. त्या सगळ्या काळातला बराच माल अजून गन शोमध्ये टेबलांवर पडलेला असतो, आणि नवशिके तो उचलतात कारण ५ डॉलर वाचतात. पाच डॉलर! कॉफी प्यायला गेलात तर जास्त जातील.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: मॅगझिनवर संशयच न घेणं

आमच्या मंडळातला एक मुलगा, हुशार, सॉफ्टवेअरमध्ये, त्याने असाच तीनचा पॅक घेतला. कुठल्या ब्रँडचा ते लिहीत नाही. पारदर्शक बॉडी, आत गोळ्या दिसतात, दिसायला एकदम भारी. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागेवर गेला, दोन गोळ्या नीट गेल्या, तिसरी अडकली, परत दोन, परत अडकली. मी शेजारच्या लेनमध्येच होतो, म्हटलं अरे मॅगझिन बदलून बघ की, कंपनीचं आहे ना तुझ्याकडे बॅगेत? तर म्हणाला, "काका, मॅगझिन नवंकोरं आहे हो, आत्ताच पॅकिंग फोडलंय." म्हणजे नवं आहे म्हणून चांगलं आहे. पुढे काही बोलण्यात अर्थ नव्हता.

घरी जाऊन त्याने व्हिडिओ बघितले. एकाने सांगितलं एक्स्ट्रॅक्टर बदल, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणारा आकडा, बदलला. दुसऱ्याने सांगितलं रिकॉइल स्प्रिंग (बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा सरकता भाग, पुढे आणणारी), तीही आणली. तरी अडकतंच आहे म्हटल्यावर कोणीतरी त्याला सांगितलं की चेंबरचं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचं, तोंड पॉलिश कर, गोळी सरकत आत जाईल. आणि या पठ्ठ्याने ड्रेमेल, ते हातातलं घासायचं मशीन, लावलं. .२२ च्या चेंबरला ड्रेमेल! तिथे केसभर मटेरियल जास्त गेलं तरी काडतुसाच्या मागच्या भागाला आधार राहत नाही, आणि या काडतुसाची पितळ आधीच पातळ. परत रेंजवर आला तेव्हा रिकाम्या पुंगळ्या उचलून दाखवायला लागला, बुडाशी एका बाजूला फुगलेल्या. मी तिथेच थांबवलं त्याला, एकही गोळी अजून मारू नकोस म्हटलं. फुटलेल्या पुंगळीतून गरम गॅस आणि पितळेचे कण मागे येतात, डोळ्याला चष्मा होता म्हणून ठीक, पण त्या भरवशावर कोण बसणार.

शेवटी नवीन नळी घ्यावी लागली. नशीब १०/२२ ची नळी दोन स्क्रूवर निघते, घरच्या घरी काम झालं. नवी नळी, कंपनीचं १० चं मॅगझिन, एकही अडकली नाही. मग त्याच रायफलमध्ये ते पारदर्शक मॅगझिन लावलं, तिसरी गोळी नाक खाली करून अडकली. चेहरा बघण्यासारखा होता त्याचा.

म्हणून माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नका. प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला बायकोच्या नेलपॉलिशने नंबर टाकतो. रायफल अडकली की आधी नंबर बघतो आणि गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर पेनने लिहून ठेवतो. एका दुपारीच कळतं की सगळी बोंब २ नंबरची आहे, बाकी सगळे गुणी. नवीन मॅगझिन आलं की आधी कंपनीच्या मॅगझिनमधून त्याच डब्यातल्या गोळ्या मारून घ्यायच्या, मग नव्यात त्याच गोळ्या, आधी पाचच भरायच्या, मग दहा, मग पूर्ण. मॅगझिन पण नवं, गोळ्या पण नव्या, वर स्कोपही नवा असं सगळं एकदम बदललं तर काय कळणार आहे तुम्हाला? निदान शंभर गोळ्या न अडकता गेल्याशिवाय मी ते मॅगझिन चांगलं म्हणत नाही.

चूक दुसरी: अडकल्यावर न बघताच बोल्ट खेचणं

हे बघून मला खरंच त्रास होतो. अडकली की लगेच खटाखट बोल्ट ओढायचा, काडतूस खाली पडतं, आणि मग विचारतात का अडकलं. अहो पुरावाच फेकून दिलात की! नळी टार्गेटकडेच ठेवा, बोट चापावरून काढा, आणि आत नीट बघा काडतूस कुठे आहे. मी फोनवर फोटो काढतो, रेंजचा सुरक्षा अधिकारी, आरएसओ, ओळखीचा आहे म्हणून काही म्हणत नाही, तुम्ही विचारून काढा.

गोळीचं नाक चेंबरच्या खाली आपटून थांबलंय, तर संशय मॅगझिनवर, एकतर ते खाली बसतंय नाहीतर स्प्रिंग गोळीला पुरेसं वर ढकलत नाहीये. बोल्ट काडतुसाच्या डोक्यावरून सरकून पुढे गेला आणि काडतूस मॅगझिनमध्येच राहिलं, तरी मॅगझिनच, गोळी वेळेत वर आलीच नाही. पण रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकलीय, तर बिचाऱ्या मॅगझिनला शिव्या देऊ नका, ते बहुतेक वेळा गोळीत जोर कमी असल्यामुळे किंवा बोल्ट काजळीने भरल्यामुळे होतं. आणि मॅगझिनच्या आतच गोळ्या जाम झाल्यात, दाबल्या तरी हलत नाहीत, तर तो रिमलॉक. .२२ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की संपलं. रोटरमध्ये हे होत नाही कारण प्रत्येकाची खाच वेगळी, उभ्या मॅगझिनमध्ये होतं. म्हणून चांगली २५ ची मॅगझिन केळ्याच्या आकाराची वाकडी असतात, ते स्टाइलसाठी नाही, कडेमुळे काडतुसांची रास आपोआपच वाकते. घाईघाईत कशाही कोंबून भरल्या तर वाकडं मॅगझिनही काही करू शकत नाही, एकेक नीट मागे सरकवून भरा.

एक महत्त्वाचं. चाप ओढला आणि नुसतं टिक झालं तर लगेच उघडू नका, तीसेक सेकंद नळी तशीच टार्गेटकडे धरून थांबा. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढची गोळी अजिबात मारू नका, आधी रायफल रिकामी करून नळीतून आरपार दिसतंय का बघा. आत गोळी अडकलेली असेल आणि मागून दुसरी गेली तर नळी गेलीच, तुमचं काय होईल ते वेगळं. मॅगझिनचा घोळ आहे समजून त्याला थाप मारून, बोल्ट ओढून पुढे जाणारे मी पाहिलेत.

मग घ्यायचं कुठलं?

माझं मत सरळ आहे, २५ हवं असेल तर बीएक्स-२५ घ्या आणि विषय संपवा. तोंडाला स्टीलच्या फीड लिप्स, म्हणजे वरची गोळी धरून ठेवणाऱ्या कडा, आहेत, आणि आत मोजपट्टीच्या टेपसारखी गुंडाळणारी स्प्रिंग आहे जी पहिल्या गोळीला आणि शेवटच्या गोळीला साधारण सारखाच जोर देते. साध्या स्प्रिंगमध्ये भरलेलं असताना जोर जास्त आणि शेवटाला ढिला, म्हणून स्वस्तातली मॅगझिन शेवटच्या चार-पाच गोळ्यांना रडतात. बाहेरचंच घ्यायचं असेल तर आधी लिप्स बघा, स्टील आहेत की नुसतं प्लास्टिक. प्लास्टिकच्या लिप्स सुरुवातीला छान चालतात, मग झिजतात किंवा पसरतात, आणि मग गोळी वेगळ्याच कोनात वर येते. लावल्यावर हाताने हलवून बघा, पुढे-मागे डुलत असेल तर परत द्या. आणि परत घेतात का ते घेण्याआधी विचारा, गन शोमधला टेबलवाला पुढच्या महिन्यात कुठे असेल देव जाणे.

काही बाहेरची मॅगझिन शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा धरून ठेवतात, कंपनीचं १० चं धरत नाही. हे वाचून लोक खूश होतात. पण तो बोल्ट मॅगझिनच्या फॉलोअरवर, म्हणजे गोळ्या वर ढकलणाऱ्या तुकड्यावर, टेकलेला असतो, म्हणजे झीज तिथेच, आणि मॅगझिन काढलं की बोल्ट धाडकन बंद. याचा उलटा धोका जास्त आहे, बोल्ट बंद आहे म्हणजे रिकामी आहे असं समजणं. १०/२२ मध्ये तसलं काही नसतं. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून धरा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, बोट घालून चाचपा. दर वेळी.

पक्कड घेऊन लिप्स वाकवू नका. एवढंच लिहितो, नाहीतर अख्खा लेख यावरच होईल.

मॅगझिनमध्ये तेल किंवा डब्ल्यूडी-४० मारू नका. .२२ च्या गोळीवर मेण असतं, दारूची काजळीही भरपूर, त्यात तेल पडलं की आत काळा चिखल होतो. जुना टूथब्रश आणि कोरडं फडकं बास आहे. ब्रेक क्लीनर काही प्लास्टिकला खातो, तो बोल्टपुरताच ठेवा. आणि साफ केल्यावर हात धुवा, खाण्याआधी तर नक्कीच, शिसं असतं सगळीकडे.

१० चं गोल मॅगझिन उघडायची खाज फार जणांना येते. उघडा, पण मागचा नट रोटरला ताण देतो हे लक्षात ठेवा, परत बसवताना तो साधारण सव्वा फेरा फिरवून मग पुढचा स्क्रू आवळायचा. ताण कमी पडला तर शेवटच्या गोळ्या वर येत नाहीत, जास्त झाला तर रोटर जड होतो. आणि मग लोक म्हणतात कंपनीचं मॅगझिनही बेकार निघालं. बीएक्स-२५ मात्र उघडूच नका, ती स्प्रिंग परत जागेवर बसवताना संध्याकाळ जाते.

गोळ्यांचं पण बघा. सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू जाणाऱ्या कमी जोराच्या गोळ्या घालून रायफल चालत नाही म्हणून मॅगझिनला दोष देणारे आहेत. टेस्टिंगला मी सीसीआयची मिनी-मॅग वापरतो, ४० ग्रेन वजनाची, गोल नाकाची, १२३५ फूट प्रतिसेकंद. महाग पडते, पण तिच्याने अडकलं तर गोळीवर संशय घ्यावा लागत नाही. मॅगझिन पास झालं की मग मोठ्या डब्यातल्या स्वस्त गोळ्या खुशाल मारा.

दुसऱ्या रायफलचं मॅगझिन बसेल का असं विचारतात. रुगरच्याच ७७/२२ ला हेच १० चं चालतं. स्मिथ अँड वेसनच्या १५-२२ चं यात बसत नाही, घासून बसवायला जाऊ नका.

आता कायदा, जो कोणी वाचत नाही. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क इथे १० च्या वर नाही, इलिनॉयमध्ये रायफलला १० च, कोलोरॅडोत १५. न्यू जर्सीत आपली माणसं किती आहेत माहितीये ना, तिथल्या मित्राला टेक्सासहून वाढदिवसाची भेट म्हणून बीएक्स-२५ पाठवायला निघालेला एक जण मला भेटलाय. आणि एचवनबी व्हिसावर असाल तर मॅगझिन राहू द्या, बंदूक आणि गोळ्या बाळगण्यालाच फेडरल बंदी आहे, वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर, रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंही त्यातच येतं. ग्रीनकार्डवाल्यांना ती अडचण नाही. "सगळेच जातात हो" हे वकिलाला सांगून बघा काय म्हणतो.

आणि शेवटचं, याचा मॅगझिनशी थेट संबंध आहे. रेंजची बॅग वेगळी ठेवा, ती कधीही प्रवासाला नेऊ नका. .२२ चं काडतूस एवढंसं असतं, मॅगझिन भरताना हातातून सुटतं आणि बॅगेच्या शिवणीत जाऊन बसतं, आणि तीच बॅग घेऊन तुम्ही डिसेंबरात पुण्याला निघता. मुंबईत किंवा दिल्लीत स्कॅनरमध्ये दिसलं की आर्म्स अॅक्ट १९५९, विनापरवाना काडतूस. नकळत राहिलं हे कोर्टात सिद्ध करता येतं, कायदेशीर भाषेत कॉन्शस पझेशन नव्हतं म्हणून लोक सुटतातही, पण तोवर पासपोर्ट, वकील, तारखा, आणि तुमची चार आठवड्यांची सुट्टी. माझी रेंजची बॅग भडक केशरी आहे, घरात कोणी चुकूनही तिच्यात कपडे भरत नाही.