'सक्सीडेड' दिसलं की घरी पळू नका: डेटाबेस पॅच करताना या चुका टाळा

महापे-रबाळे पट्ट्यात डेटाबेस सांभाळणाऱ्यांना शनिवारची रात्र कशी जाते, ते सांगायला नको. आमचीही तशीच गेली. अडीचला स्क्रीनवर 'ऑपॅच सक्सीडेड' आलं (ऑपॅच म्हणजे ओरॅकल डेटाबेसला पॅच, म्हणजे दुरुस्त्या, लावणारं टूल), डेटाबेस वर आला, ॲप्लिकेशनवाल्यांनी लॉगिन करून ओके कळवलं. घणसोली स्टेशनबाहेर चहा घेऊन पहिल्या गाडीने ठाणं गाठलं. बुधवारी महिनाअखेरच्या रिपोर्टांचा पीडीबी (मोठ्या डेटाबेसच्या आतला एक स्वतंत्र डेटाबेस) उघडला आणि युजरच्या तोंडावर ओआरए-०१०३५ ही एरर. पीडीबी रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये, म्हणजे खास परवानगीवाल्यांपुरताच, उघडला होता.

चूक आमचीच. ऑपॅच फक्त ओरॅकल होममधल्या (सॉफ्टवेअर बसवलेल्या फोल्डरमधल्या) फाइली बदलतो. डेटाबेसच्या आतल्या डिक्शनरीतले (ओरॅकलच्या स्वतःच्या टेबलांमधले) बदल डेटापॅच हे दुसरं टूल करतं, आणि तेही फक्त उघड्या असलेल्या पीडीबीत. हा पीडीबी महिन्यातून एकदाच लागतो म्हणून बंद ठेवलेला. त्यामुळे बाहेर नवा पॅच, आत जुनाच. 'पीडीबी_प्लग_इन_व्हायोलेशन्स' या व्ह्यूत हे एका ओळीत लिहिलेलं असतं, पण तिथे बघायचं सुचायलाच तास गेला. मग डेटापॅच पुन्हा चालवला, पीडीबी बंद करून उघडला, झालं.

तेव्हापासून डेटापॅचच्या आधी सगळे पीडीबी उघडतो आणि नंतर प्रत्येकात शिरून 'डीबीए_रजिस्ट्री_एसक्यूएलपॅच' बघतो. स्टेटस 'सक्सेस' हवं. 'ऑपॅच एलएसइन्व्हेंटरी'चा (लागलेल्या पॅचच्या यादीचा) स्क्रीनशॉट मेलला जोडून चेंजचं तिकीट बंद करणारे अजूनही भेटतात. त्या स्क्रीनशॉटवरून फक्त फाइली बदलल्याचं कळतं. स्टँडबाय (मुख्य म्हणजे प्रायमरी डेटाबेसची तयार ठेवलेली दुसरी प्रत) असेल तर फाइली दोन्हीकडे पॅच करायच्या, डेटापॅच मात्र प्रायमरीवरच. आतले बदल रीडोतून (बदलांच्या नोंदींतून) पलीकडे पोचतात.

लिनक्सच्या बाजूलाही हाच घोळ. 'यम' कमांडने अपडेट झाला, नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्कवर आला, पण चालू कर्नल सांगणारं 'यूनेम -आर' जुनाच आकडा दाखवतंय, म्हणजे रीबूट झालेलाच नाही. ओपनएसएसएल किंवा जीलिबसी या लायब्ररींचं तेच: आधीपासून चालू असलेला प्रोसेस जुनीच लायब्ररी धरून बसतो. 'नीड्स-रिस्टार्टिंग -आर' चालवलं की रीबूट हवा की नको ते कळतं. ओरॅकलऐवजी पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर 'सिलेक्ट व्हर्जन()' विचारा. पॅकेज नवं असलं तरी रीस्टार्ट होईपर्यंत उत्तर जुनंच येईल.

रीबूटवरून आठवलं. वर्षभर चालू असलेला सर्व्हर थेट पॅचच्या रात्रीच रीबूट करू नका. कुणीतरी कधीतरी ह्यूजपेजेस (डेटाबेससाठी राखलेली मेमरीची मोठी पानं) नुसत्या 'सिस्कटल -डब्ल्यू'ने दिलेली असतात, फाइलमध्ये लिहिलेली नसतात. रीबूटनंतर ती गायब. 'यूज_लार्ज_पेजेस' हे ओरॅकलचं सेटिंग जर 'ओन्ली' असेल तर डेटाबेस उठतच नाही, आणि पहाटे तीनला शिव्या पॅचला बसतात. आठवडाभर आधी, पॅच न लावता, एकदा रीबूट मागून घ्या. मॅनेजर कुरकुर करेल, करू दे.

बाकीचं शुक्रवारी दुपारीच उरकायचं. ऑपॅच नवा हवा (पॅच क्रमांक ६८८०८८०). ऑपॅचचं जुनं फोल्डर पुसू नका, नाव बदलून ठेवा. आधीच्या पॅचशी कॉन्फ्लिक्ट होतो का, याची तपासणी करून घ्या. ओरॅकल होमच्या डिस्कवर जागा बघा, कारण 'डॉट पॅच_स्टोरेज' हे फोल्डर ती हळूहळू गिळत जातं. सगळं बंद करूनही ऑपॅच 'फाइल वापरात आहे' म्हणून अडला, तर बहुतेकदा कुणाचं तरी उघडं राहिलेलं एसक्यूएलप्लस (ओरॅकलला कमांड द्यायचं टूल) किंवा मॉनिटरिंग एजंट निघतो. 'फ्यूजर' कमांडने शोधा, कुणाचं आहे ते विचारा, मगच बंद करा.

आणि डाउनटाइम आधीच मागून ठेवा. ओरॅकलचे पॅच जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी येतात. २०२५ च्या ऑक्टोबरचे आले ते २१ तारखेला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. त्या आठवड्यात सही करायला कुणी जागेवर नसतं.